वेदनासरांची तीन पानं

वाचनालयाच्या अध्यक्षांची खुर्ची रिकामी झाली, त्या दिवसापासून वेदनासरांना घरातली साधी खुर्ची टोचायला लागली. कार्यालयातल्या त्या खुर्चीची पाठ उंच होती, हात कोरीव होते, आणि तिच्यात बसणाऱ्याला न मागता चहा मिळत असे. नवा अध्यक्ष निवडायची सभा पुढच्या आठवड्यात होती. त्याआधी वाचनालयात एक कार्यक्रम होता. मुस्लिम लेखिकांच्या लेखनाचा एक जाडजूड संग्रह नुकताच निघाला होता. त्याच्यावर जो झकास बोलेल त्यालाच खुर्ची, असं चिटणिसांनी सगळ्यांना वेगवेगळं, खासगीत सांगून ठेवलं होतं. बोलायला तयार झाले एकटे वेदनासर.

त्यांना वेदनासर म्हणत, कारण उभ्या जन्मात त्यांना वेदना नसलेलं पुस्तक सापडलं नव्हतं. कॉलेजात साहित्य शिकवायचे तेव्हा एकदा पोरांनी गंमत म्हणून त्यांच्या हातात रेल्वेचं वेळापत्रक दिलं, तर सरांनी 'जिथे गाडी थांबत नाही अशा स्थानकांचं दुःख' या विषयावर तासभर बोलून मागच्या बाकावरच्या गुंडांनाही रडवलं. त्यांचा उसासा एवढा जबर, की सरांचं भाषण म्हटलं की पहिल्या रांगेतले लोक टोप्या हाताने धरून बसत.

आता एवढी वेदना काढायची म्हणजे माणसाला वाचन केवढं लागत असेल, असं एखाद्याला वाटेल. तसं काही नव्हतं. सरांची पद्धत तीन पानांची. पहिलं पान, मधलं पान, शेवटचं पान. "शितावरून भाताची परीक्षा," असं ते म्हणत, आणि त्यांनी अख्खा भात कधी खाल्ला नाही हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. बाई कपाटातलं प्रत्येक पुस्तक स्वतः वाचायच्या, म्हणून त्यांना कळायचं की नवऱ्यानं काय काय वाचलेलं नाही.

या संग्रहानं तर सरांना मुखपृष्ठावरच नाराज केलं.

"हे बघ," ते बायकोला म्हणाले. "मुस्लिम बायकांचं पुस्तक, आणि चित्र कसलं? पिवळी सायकल! खिडकीचे गज नाहीत, आसवं नाहीत, निदान विझणारी मेणबत्ती तरी?"

"अहो, आत प्रवासवर्णन आहे. एका लेखिकेच्या आत्यानं सायकलवरून केलेल्या प्रवासाचं."

"ते राहू दे. प्रस्तावना बघ. चार ओळी!" सरांनी मोठ्यानं वाचलं, "'यात कथा, कविता, एक एकांकिका, काही पत्रं आणि एक प्रवासवर्णन आहे. काय खरं आणि काय रचलेलं, ते वाचलं की कळेल. कृपया पूर्ण वाचा.' पूर्ण वाचा! मला सांगते ही संपादिका?"

"तुम्हालाच कशाला, सगळ्यांना सांगितलंय," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला लागलं बरोबर."

सरांनी पुस्तक मधोमध उघडलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. खरं तर काळवंडला, पण सरांच्या बाबतीत ते एकच. पानावर असं होतं: *आज पुन्हा कोठीच्या खोलीत. बाहेर सासूबाई दारावर थापा मारतायत. नवऱ्याच्या हाका ऐकू येतायत. मी पोत्याला टेकून बसलेय, सोबतीला एवढासा दिवा. श्वास रोखून धरलाय. हूं की चूं करायचं नाही. आपल्याला इथून बाहेर कोण काढणार आता?*

"सापडली!" सर ओरडले. हरवलेली चप्पल सापडल्यावर ओरडतात तसे. "बिचारी! कोंडून घातलंय तिला. आणि हे तिनं तिथंच बसून लिहिलंय, त्या एवढ्याशा दिव्यात!"

"अहो, ती कथा आहे. पान उलटा."

"बायका कथा लिहीत नसतात," सर म्हणाले. "बायका भोगतात, आणि मग ते कागदावर उतरतं. पुरुष कल्पना करतो. आणि त्यातून ही मुस्लिम स्त्री! हिला कल्पना करायला सवड कुठली?"

"एक पान उलटा हो, गंमत आहे पुढे."

"गंमत!" सरांनी असा उसासा टाकला की टेबलावरचं वर्तमानपत्र शेजारच्या खोलीत गेलं. पद्धतीप्रमाणे त्यांनी शेवटचं पान पाहिलं, तिथे एकांकिकेचा पडदा पडत होता, आणि पुस्तक मिटलं. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून बाईंचे हात दुखत होते.

कार्यक्रमाला वाचनालय खच्चून भरलं. सरांनी मधलं पान वाचून दाखवलं, मग थांबले, मग चष्मा कपाळावर ढकलून डोळे पुसले. सभागृहात नाकं ओढल्याचा आवाज सुरू झाला.

"मंडळी," सर म्हणाले, "ही भगिनी कुठे लांब नाही. परिचयात लिहिलंय, ती आपल्याच गावात दातांची डॉक्टर आहे!"

चिटणीस चमकले. "म्हणजे चौकातल्या डॉक्टरीणबाई? अहो, परवाच त्यांनी माझी दाढ काढली. चांगल्या हसत होत्या."

"तोंडाला मास्क होता ना? मग हसत होती कशावरून?"

"डोळ्यांवरून."

"डोळ्यांत पाणी होतं का, ते सांगा."

"पाणी माझ्या डोळ्यांत होतं, सर."

"बघा!" सर गरजले. "रोज लोकांच्या वेदना काढते आणि स्वतःची गिळते. दिवसा दवाखाना, संध्याकाळी कोठडी! मंडळी, आपण इथे टाळ्या वाजवत बसायचं का?"

कुणीतरी "नाही" म्हणालं. एकदा नाही म्हटल्यावर काहीतरी करणं भाग होतं. चिटणिसांनी जागच्या जागी 'सुटका समिती' स्थापन केली. समितीतल्या एकानंही संग्रह वाचला नव्हता, त्यामुळे मतभेदाला जागाच उरली नाही. अध्यक्षपदी सर. खुर्चीच्या आधी ही एक लहान खुर्ची मिळाल्यासारखं सरांना झालं, आणि साप साप म्हणत भुई धोपटायला सगळी फौज बाहेर पडली. बाईही मागून निघाल्या. पुढचं पान कुणीच उलटत नसेल तर निदान बघायला तरी जावं, असं त्यांना वाटलं.

डॉक्टरीणबाईंच्या घराचं दार त्यांच्या नवऱ्यानं उघडलं. हे शाळेत गणित शिकवत. काडीसारखे, मवाळ, खांद्यावर हात पुसायचा टॉवेल. समोर रस्ताभर माणसं पाहून त्यांना वाटलं, निकाल लागला आणि पालक आले.

"बायको कुठाय तुमची?" सरांनी दरडावलं.

"दवाखान्यात. यायला उशीर होईल म्हणाली, एक अवघड दाढ आहे."

"घरात नाही म्हणताय?"

"नाही."

"नाही म्हणजेच आहे!" सर समितीकडे वळले. "कोठीची खोली कुठाय?"

एवढ्यात आतून डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई आल्या. वय झालेलं, पण पाठ ताठ, हातात विणकामाच्या सुया. या संग्रहात त्यांच्याही कविता होत्या. सरांच्या तीन पानांत त्या कुठून येणार?

"काय आहे रे?" त्यांनी मुलाला विचारलं.

"अम्मी, हे म्हणतात आपण हिला कोंडून ठेवलंय."

सासूबाईंनी सरांना खालून वरपर्यंत पाहिलं. "कुणाला? सुनेला? तिला कोंडणारा अजून जन्माला यायचाय. गेल्या महिन्यात तिनंच याला गच्चीवर विसरून दार लावलं होतं."

"वाळत घातलेल्या चादरीमागे होतो मी," मास्तर हळूच म्हणाले. "तिचा काय दोष?"

"दहशत!" सर चिटणिसांच्या कानात म्हणाले. "कसं पढवलंय बघा." आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत ते स्वयंपाकघरामागच्या कोठीच्या खोलीत शिरले.

त्या खोलीचं दार मास्तरांनी एका मोडीत निघालेल्या कचेरीतून स्वस्तात आणलं होतं. दार भक्कम होतं, पण त्याला लॅचचं कुलूप होतं, आणि त्यावर जुनी पितळी पाटी तशीच होती: 'साहेब कामात आहेत'. आतली मूठ कधीच निखळली होती. म्हणून घरातलं माणूस आत जाताना दारात पाट लावून जायचं. सर घरातले नव्हते. त्यांनी पाट पायानं बाजूला सारला, "भगिनी, भिऊ नका, मी आलोय!" असं म्हटलं, आणि मागे दार खट्कन लागलं.

समिती पाटीकडे बघत राहिली.

"उघडा!" आतून सर. "कुणी आहे का तिकडे? माणसाला असं कोंडून ठेवतात का?"

"किल्ली?" चिटणिसांनी विचारलं.

"तिच्या जुडग्यात," मास्तर म्हणाले. "फोन केला तर तोंडात हत्यार धरून उचलणार नाही ती. म्हणजे पेशंटच्या तोंडात."

"सर, भगिनी आहे का आत?" समितीतल्या एकानं ओरडून विचारलं.

"इथे फक्त पोती आहेत!"

दारावर धपाधप थापा पडायला लागल्या. सासूबाईंनी खुर्ची आणून दाराशी ठेवली, बसल्या आणि विणायला लागल्या. बाई पुढे झाल्या.

"अहो, ऐका. पुस्तक आहे ना तुमच्या पिशवीत?"

"आहे. त्याचं काय आता?"

"वाचा की. वेळ जाईल."

आतून आवाज आला, "अंधार आहे."

"डाव्या हाताला दिव्याचं बटण आहे," सासूबाई सुयांवरची नजर न काढता म्हणाल्या.

टक् असा आवाज झाला. दाराखालून उजेडाची रेघ बाहेर आली. "चष्मा नाहीये माझा."

"कपाळावर आहे," बाई म्हणाल्या.

सरांची अशी कोंडी आयुष्यात झाली नव्हती. पुस्तक होतं, दिवा होता, चष्मा होता, बसायला पोतं होतं, आणि सभेची वेळ झाली म्हणून उठून जायची सोय नव्हती. न वाचायला एकही कारण शिल्लक नव्हतं.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा दारात चपलांचा डोंगर होता. ठेंगण्या, भरभर चालणाऱ्या, हाताला औषधाचा वास. मास्तरांनी थोडक्यात सांगितलं. त्या चिटणिसांकडे वळल्या.

"दाढेची जागा दुखते का अजून?"

"नाही, बाई."

"मग इथे काय करताय?"

"तुमची सुटका करायला आलोय," चिटणीस जमिनीकडे बघत म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी जुडगं काढलं, किल्ली निवडली, कुलपाला लावली आणि तिथेच थांबल्या. "सर," त्या दाराला तोंड लावून म्हणाल्या, "माझ्या कथेवर बोललात म्हणे. आभारी आहे. शेवट कसा वाटला?"

"आधी दार उघडा."

"उघडते की. शेवट सांगा आणि बाहेर या."

आत पानं फडफडली. सरांनी अर्थातच शेवटचं पान काढलं. "शेवटी... दिवे मंद होतात आणि तिघी बहिणी भांडणं विसरून एकाच सोफ्यावर झोपतात. फार करुण!"

"ती एकांकिका आहे. विनोदी."

फडफड. "शेवटी ती उतारावर दोन्ही हात सोडते, आणि समोर समुद्र दिसतो. हे मृत्यूचं रूपक..."

"ती माझी आत्या आहे. सायकलवरून पडली नाही. अजून चालवते."

समितीत कुणीतरी खोकलं. खोकला कसला, हसू आवरलेलं. आत पानं आता वावटळीसारखी उडत होती. "'तुझ्या आठवणींची लोकर मी उसवते, आणि थंडी मलाच वाजते.' बघा! बघा, परित्यक्तेची व्यथा!"

सुया थांबल्या. "ती कविता माझी आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि ती स्वेटरवर आहे. याच्या." त्यांनी मास्तरांकडे सुई रोखली. "हा मोठा झाला आणि स्वेटर होईना. मला कोण टाकतंय रे, मेल्या?"

"अहो," बाई दाराशी वाकून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी दया होती. "मधलं पान काढा. आणि एक पान उलटा. एकच. मग पुढचं."

एक पान उलटल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं आणखी एक. समितीतले लोक हळूहळू जमिनीवर टेकले. कुणाला काय बोलावं सुचेना, कारण बोलायला जावं तर शेवट आपल्यालाही ठाऊक नाही हे उघड झालं असतं. मग आतून एक विचित्र आवाज आला. हॅ. बाई दचकल्या.

"काय झालं?" चिटणिसांनी विचारलं.

"हसले," बाई म्हणाल्या. "आमच्या लग्नातसुद्धा हसले नव्हते."

"सांगतो!" आतून सर ओरडले. "ती कोंडलेलीच नाहीये! तीच कडी लावून बसलीय, रहस्यकथा वाचायला. आणि सासू थापा मारतेय, कारण पुस्तक सासूचं आहे, निम्मं वाचून झालंय, आणि तिलाही खुनी कोण ते कळायला हवंय. शेवटी सासूही आत येते, दोघी एका पोत्यावर बसून वाचतात, आणि नवरा बाहेरून विचारतो, मीठ कुठाय." पान पुन्हा मागेपुढे उलटल्याचा आवाज आला. "पण खुनी कोण ते लिहिलंच नाहीये तुम्ही! हे काय?"

किल्ली फिरली. दार उघडलं. सर बाहेर आले, कोटाला पोत्यांचं पीठ लागलेलं, बोट अजून पानात. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्या क्षणी ते एक वाक्य सरळ बोलले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. सरांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"लेखन बरं आहे," ते म्हणाले. "पण वेदना कमी पडते."

डॉक्टरीणबाई नुसत्या हसल्या. आज मास्क नव्हता, त्यामुळे सगळ्यांना नीट दिसलं.

असा माणूस मग खुर्चीत बसला नाही असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं कार्यकारिणी पाहिलेली नाही. सभेत विषय निघाला तेव्हा सगळे छताकडे बघत बसले. सरांनी संग्रह वाचला नव्हता असं म्हणायचं, तर आपण वाचला होता का, हा प्रश्न पाठोपाठ येणार. दुसऱ्याला उघडं पाडायला निघावं, तर पांघरूण एकच. शेवटी चिटणीस उठले आणि साहित्यासाठी स्वतः कोठडीत बसलेला असा समीक्षक या वाचनालयाला पुन्हा मिळणार नाही, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. सर उंच पाठीच्या खुर्चीत बसले. चहा न मागता आला.

संग्रह मात्र चालला. लोकांना खुनी कोण ते हवं होतं, म्हणून त्यांनी तो विकत घेऊन पूर्ण वाचला, आणि खुनी नाही सापडला तरी बाकीचं सापडलं. दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात एक नवी कथा होती, सासूबाईंची. स्वेटरवरची कविता चुकीची वाचली गेल्यापासून त्यांना गद्यावर हात चालवायचा होता.

या आवृत्तीवर बोलायचा मान अर्थातच अध्यक्षांचा. सरांनी पहिलं पान पाहिलं. 'कृपया पूर्ण वाचा' खाली आता दोन रेघा होत्या. त्यांनी मधलं पान उघडलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणजे काळवंडला.

"अहो, या वेळी तरी पान उलटा," बाई म्हणाल्या.

"काही गरज नाही," सर म्हणाले. "कळलं मला."

सभागृह पुन्हा भरलेलं. डॉक्टरीणबाई दुसऱ्या रांगेत होत्या, शेजारी सासूबाई, मांडीवर विणकाम. सरांनी वाचलं, "'उघडा! कुणी आहे का तिकडे? माणसाला असं कोंडून ठेवतात का? दारावर थापांवर थापा, आणि बाहेर कुणाला दया नाही.'" ते थांबले. त्यांनी उसासा टाकला. पहिल्या रांगेनं टोप्या धरल्या. "मंडळी, खरं सांगतो, ही वाक्यं वाचताना मला ती माझ्याच काळजातून आल्यासारखी वाटली!"

"वाटणारच," सासूबाई म्हणाल्या.

सभागृहात एक कुजबुज उठली, मग खिदखिद, मग मागच्या रांगांत सरळ हशा. सरांना वाटलं, लोक रडतायत. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. त्यांना चेव आला. "कोण आहे हा अभागी जीव? अजून आत आहे का? मंडळी, आपण टाळ्या वाजवत बसायचं का?"

"नाही!" अख्खं सभागृह ओरडलं. आणि या खेपेला सगळेच्या सगळे उठले, कारण सगळ्यांनी शेवट वाचलेला होता.

डॉक्टरीणबाईंनी सभागृहातूनच घरी फोन केला. त्यामुळे मिरवणूक पोचली तेव्हा घराचं दार उघडंच होतं. मास्तर खांद्यावर टॉवेल टाकून उंबऱ्यात उभे होते. मागे कोठीचं दार दिसत होतं, त्याच्यावरची पितळी पाटी नुकतीच घासलेली, आणि पाट उचलून भिंतीला लावलेला.

"कोठीची खोली कुठाय?" सर गरजले.

मास्तर आदरानं बाजूला झाले.

"या, सर," ते म्हणाले. "दिवा लावूनच ठेवलाय."